नाकमुरडे आणि शिंपल्याची किनार

माझ्या भाऊजींना किळस येते. कशाची, असं विचारू नका. कशाची येत नाही ते विचारा, म्हणजे उत्तर लवकर संपेल. साधं लाकूड, साधं पाणी आणि माझी ताई. बाकी जगात जे जे म्हणून चमकतं, लोंबतं किंवा नुसतंच शोभेला लावलेलं असतं, ते बघून या माणसाच्या नाकाचा शेंडा वर जातो, ओठ खाली येतो आणि घशातून एक आवाज निघतो. ‘शी’ असा तो लिहिता येईल, पण खरा आवाज त्याहून ओला आहे. गल्लीत त्यांना सगळे नाकमुरडे म्हणतात. तोंडावरसुद्धा म्हणतात. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

त्यांच्या घरात बाटल्यांवरची लेबलं टिकत नाहीत. रंगीत कागद दिसला की ते भिजवून, खरवडून काढतात. त्यामुळे ताईच्या न्हाणीघरात एकसारख्या नागड्या बाटल्यांची रांग असते आणि मी एकदा केसांना फरशी पुसायचं औषध लावलं आहे. केकवरचं क्रीम ते सुरीने तासून बशीच्या कडेला लोटतात आणि मग ती बशीही नजरेसमोरून हलवायला लावतात. शेजारणीने तान्ह्या बाळाला झालरीचं टोपडं घातलं होतं, तर हे त्याच्याकडे बघून ‘शी’ म्हणाले. तान्ह्या बाळाकडे बघून! त्या बाईने पुढे कित्येक महिने आमच्याशी बोलणं टाकलं आणि बरोबरच केलं.

असा हा माणूस युकुलेली बनवतो. युकुलेली म्हणजे गिटारचं शेंडेफळ. चार तारा, काखेत मावेल एवढं अंग आणि आवाज असा की रडकं गाणंही त्यावर हसायला लागतं. भाऊजींच्या हातची युकुलेली चांगली असते, हे मला मान्य करावं लागतं, कारण तारा मीच चढवते. पहिली तार छेडली की कळतं. त्यांच्याबद्दल मी चांगलं बोलेन ते इतकंच.

दुकान लांबट आहे. पुढे काचेचं काउंटर आणि माझं टेबल. तारा चढवणं, सूर लावणं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं ही माझी कामं, त्यातलं तिसरं मला जमत नाही. मध्ये खिडकीपाशी भाऊजींचा बाक. मागे चौकटीपलीकडे ताईची खोली, तिथे पंखा कायम बंद, कारण वाऱ्याने तिचे शिंपल्याचे तुकडे उडतात. भाऊजी लाकूड वाकवून अंग तयार करतात आणि त्याच्या कडेने चहूबाजूंनी एक बारीक खाच पाडतात. त्या खाचेत ताई किनार बसवते. कधी शिंपल्याचे तुकडे, कधी काळ्या-पांढऱ्या लाकडाचा दोरीसारखा पीळ, कधी गिऱ्हाईक जे मागेल ते. खाच पाडायला भाऊजींची ना नसते. खाच म्हणजे शेवटी लाकूडकामच. तिच्यात पुढे काय भरलं जातं, ते मात्र त्यांना ऐकायलाही नको.

होय, ज्या माणसाला किनारीची किळस, त्याचीच बायको किनार बसवते. लग्नाआधी दोघं एकाच कारखान्यात होते. भाऊजी कपाटांचे खण बनवायचे आणि ताई दागिन्यांच्या डब्यांवर शिंपले जडवायची. मागणी घालतानाच त्यांनी अट घातली, ‘तू तुझं काम खुशाल कर, फक्त मला दाखवू नकोस.’ ताई हसली. मला सांगतानाही हसत होती. ‘किती प्रामाणिक आहेत बघ!’ मला तेव्हाच शिसारी आली होती. माणसाने बायकोच्या हातच्या कामाकडे आयुष्यभर पाठ करायची आणि त्याला म्हणे प्रामाणिकपणा म्हणायचं.

पण दोघांनी ते पाळलं आणि त्याची एक रीतच पडून गेली. अंग तयार झालं की भाऊजी ते चौकटीजवळच्या स्टुलावर ठेवून लाकडावर टकटक करायचे. ताई येऊन उचलून न्यायची. किनार बसवून, घासूनपुसून झाली की ती युकुलेली उशीच्या जुन्या अभ्र्यात घालायची आणि माझ्या टेबलाकडे निघताना म्हणायची, ‘जातेय हो.’ की भाऊजी हातातलं काम टाकून भिंतीकडे तोंड करायचे. वस्तू अभ्र्यात असूनही! ताई पाठीमागून यायची, मी अभ्रा काढून तारा चढवायची, गिऱ्हाईक घेऊन जायचं. इतक्या वर्षांत स्वतःच्या हातची, किनार बसून पुरी झालेली युकुलेली या माणसाने बघितली नव्हती. गिऱ्हाइकांना मजा वाटायची. मी मात्र दर वेळी अभ्रा जरा जोरातच झटकायची.

आता, सगळी किळस त्यांच्याच वाट्याला टाकणं बरं नाही. शिंपला घासतानाचा वास मलाही सोसत नाही. दातांच्या दवाखान्यात यंत्र सुरू झालं की येतो तसा, त्यात शिळ्या मासळीची भर. ताई तोंडाला फडकं बांधून मजेत घासत बसायची आणि तिच्या भुवयांवर पांढरी पूड साचायची.

आणि गिऱ्हाइकांच्या आवडी! दातांचे एक डॉक्टर आले, त्यांना पांढरीशुभ्र किनार हवी होती, वाद्य हसल्यासारखं दिसलं पाहिजे म्हणे. दिसलंही तसंच. कवळी काढून टेबलावर ठेवावी तसं. एका ट्रकवाल्याला कडेने आणि भोकाभोवती लाल खडे हवे होते. दोन बहिणी आल्या, त्यांतल्या एकीला दोरीचा पीळ फार आवडायचा आणि दुसरीला पीळ बघितला की गांडूळ आठवायचं. काउंटरवरच जुंपली दोघींची. एका गृहस्थांना कासवाच्या पाठीसारखं दिसणारं पिवळं-तपकिरी प्लास्टिक हवं होतं, कडेला, मानेला, तारा जिथे बांधतात त्या घोडीलासुद्धा. तयार झाल्यावर ती युकुलेली हातात धरताना मला वाटलं, हिला काहीतरी लागण झालीय आणि ती आता मला होणार. मी दोनदा हात धुतले.

ताई सगळ्यांचं मन लावून ऐकायची. ‘ज्याची त्याची आवड असते गं,’ म्हणायची. ‘मला साधं लाकूड उपाशी वाटतं. कडेला काहीतरी घातलं की जेवल्यासारखं दिसतं.’ मला विचाराल तर एक बारीक काळी रेघ, बस्स. पण मला कोण विचारतंय? बिनकिनारीच्या युकुलेल्या भाऊजींनी हौसेने भिंतीवर टांगल्या आहेत. त्या कोणी घेत नाही. धूळ मीच पुसते.

मग ताई चौकटीला खांदा आपटायला लागली. नेहमी डावा. मग डाव्या हाताला ठेवलेला चहा सांडायला लागला, गोंदाची बाटली कलंडायला लागली. मी त्या बाजूने जवळ गेले की एकदम दचकायची. ‘भुतासारखी काय येतेस गं!’ मी तर चपला फटफटवत आलेली असायची.

आणि मग किनार. ताईची कामाची पद्धत ठरलेली. युकुलेली लाकडी पाळण्यात घट्ट बसवायची, मान समोर, बूड आपल्याकडे. मानेपासून सुरुवात करून दोन्ही बाजू भरत यायच्या आणि बुडाशी मधोमध टोकाला टोक मिळवायचं. पाळणा फिरवायचा नाही, जागचं उठायचं नाही, हा तिचा हट्ट. फिरवलं की रेघ मोडते म्हणायची. आता माझ्याकडे येणाऱ्या युकुलेल्यांची उजवी बाजू नेहमीसारखी असायची, डोळ्यांत भरेल अशी. डाव्या बाजूला खालच्या वळणावर मात्र तुकड्यांमध्ये फटी, पुढे तर नुसताच गोंद. वरून घासलेला, त्यामुळे तिच्या बोटांना सपाट लागायचा.

मी दाखवलं. ताईने मान पुरती वळवून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. ‘अगं बाई, हे राहिलं कसं?’ तिने ते उकरून पुन्हा भरलं. चष्मेवाल्याकडून नंबर बदलून आणला. पुढच्या युकुलेलीत तीच फट, त्याच जागी. दोनतीनदा मी पकडलं, तिने भरलं. मग कामाची गर्दी झाली आणि ती म्हणायला लागली, ‘असू दे गं, तुझा डोळाच मेला वाईट.’ डॉक्टरकडे चल म्हटलं तर, हातातली कामं होऊ देत. मी धाकटी, माझं ती कशाला ऐकेल? तिची नजर जातेय या भीतीने मला जेवण जाईना. ती ऐकणार एकाचंच होती, म्हणून मी भाऊजींकडे गेले. म्हणजे, त्यांच्या पाठीकडे गेले.

‘भाऊजी, ताईच्या कामात फटी राहतायत. एकदा बघता का?’

‘मी? शी.’

‘तिला नीट दिसत नाहीये.’

‘नवा चष्मा केलाय ना.’

‘चष्म्याने भागत नाहीये. तुम्ही एकदा डोळ्यांनी बघा आणि तिला सांगा. तुम्ही म्हणालात तर येईल ती डॉक्टरकडे.’

‘हे बघ,’ ते रंधा न थांबवता म्हणाले, ‘किनार धड काय आणि फाटकी काय, मला दोन्हींनी मळमळतं. ते तुम्हां बहिणींचं खातं.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात एक भरलेली युकुलेली होती, ती या माणसाच्या नाकावर घासावी असं वाटलं. मी अभ्रा ओढायला लागले तसे ते उठून सरळ भिंतीला नाक लावून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. एवढा मोठा बाप्या! मला त्या क्षणी त्यांच्या मानेवरच्या घामाचीसुद्धा किळस आली.

नंतर एका दुपारी मास्तरीणबाई आल्या. त्या शाळेत गाणं शिकवतात, हळू बोलतात. त्यांना निळ्या-हिरव्या शिंपल्याची किनार आवडायची, दुसरं काहीही नको. मी तारांची पाकिटं काढायला बाकाशेजारच्या वरच्या फळीशी शिडीवर होते, म्हणून त्या काउंटर ओलांडून थेट भाऊजींच्या बाकाशी गेल्या आणि पिशवीतून आमच्याकडूनच नेलेली युकुलेली काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. उघडी. अभ्रा नाही, ‘जातेय हो’ नाही, काही नाही.

भाऊजी ओरडलेच, ‘शी!’

‘शी म्हणा, माझी हरकत नाही,’ मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या. ‘पण कशाला शी ते बघून म्हणा. माझी बाही अडकून फाटली इथे.’

भाऊजींनी तोंड फिरवलं, पण एका बाजूला मी शिडीवर, दुसऱ्या बाजूला बाई, भिंतीकडे जायला वाट नव्हती. त्यांनी चोरट्या नजरेने बघितलं. चेहरा असा झाला की आता हे बाकावरच ओकतात. मग नाक हळूहळू जागेवर आलं. त्यांनी अंगठ्याचं नख त्या डाव्या वळणावर टेकवलं आणि दाबलं. वाळलेल्या गोंदाचा पापुद्रा टचकन उडाला.

‘माझी खाच रिकामी आहे,’ ते म्हणाले.

मी शिडीवरून म्हटलं, ‘तेच सांगत होते मी.’

‘इथपासून इथपर्यंत रिकामी. ही खाच मी सरळ पाडलीय. इथे भरायला काही अडचण नाही.’ त्यांना किनार दिसतच नव्हती बहुतेक. स्वतःची खाच दिसत होती. ‘दुसऱ्या आण.’

माझ्या टेबलावर तारा चढवायच्या म्हणून होत्या तेवढ्या मी आणल्या. त्यांनी एकेक अभ्रा स्वतः ओढून काढला. पिळाची, पांढरी, लाल खड्यांची. तोंड वाकडं करत, नाकाला हात लावत, पण बघितली. सगळ्यांची तीच जागा रिकामी. डावी बाजू, खालचं वळण. मग ते उठले आणि चौकटीतून आत गेले. लग्न झाल्यापासून काम चालू असताना या माणसाने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

मी मागे गेले. ताई फडकं बांधून चिमट्याने तुकडा बसवत होती. भाऊजी तिच्या डाव्या बाजूला उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला, तिच्या गालाजवळ हलवला. ताई गुणगुणत राहिली. त्यांनी टेबलावरचा एक शिंपला उचलला आणि तिच्या डाव्या डोळ्यापाशी धरला, इतका जवळ की पापणीला लागावा. तिने चिमटा पाण्यात बुडवला, तुकडा दाबला आणि गुणगुणत राहिली.

‘अगं,’ ते म्हणाले.

ताईच्या हातातला चिमटा उडाला. ‘अगं बाई! तुम्ही? कधी आलात? अहो, इकडे सगळं उघडं पडलंय, बघू नका!’ आणि तिने घाईघाईने दोन्ही हात किनारीवर पसरले. त्यांना किळस येऊ नये म्हणून.

भाऊजी मागच्या दाराने बाहेर गेले आणि मोरीवर बसून ओकले. वासाने की भीतीने, मला ठाऊक नाही. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला, पण पाठीवरून हात फिरवला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या आत दाब वाढतो म्हणाल्या, दुखत नाही, म्हणून कळत नाही. नजर कडेकडेने मिटत आत येते. डावा डोळा जवळजवळ गेलाच, उजव्याचीही डावी बाजू गेली. गेलेलं परत येणार नाही. राहिलंय ते थेंबांनी टिकवू. थोडं आधी आला असता तर बरंच वाचलं असतं. मग त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, ‘यांचं काम इतकं बारीक, रोजचं. घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?’

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सांगायला पुष्कळ होतं. पण ताईच आधी बोलली.

‘यांना किनार आवडत नाही ना,’ ती म्हणाली, आणि वर हसली.

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. भाऊजी खुर्चीत बसले होते, त्यांच्यासमोर डोळ्याचं चकचकीत रंगीत चित्र टांगलेलं होतं, गुलाबी, लाल शिरांचं. एरवी ते त्या चित्राखाली क्षणभर बसले नसते. त्या दिवशी ते त्याच्याकडे टक लावून बघत राहिले.

ताईने काम सोडायचं नाव काढलं नाही. समोरचं दिसतंय ना, मग झालं तर. भाऊजींनी चौकटीजवळचं स्टूल उचललं आणि आत नेऊन तिच्या डाव्या हाताला ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं. उजवी बाजू ताई भरते, डावी हे भरतात. ती तुकडा घासून देते, हे चिमट्यात धरून बसवतात. सुतारकाम मुरलेला माणूस, पण शिंपल्याला हात असा लावतो, जसं कोणी मेलेलं झुरळ मिशीला धरून उचलावं. नाकाला फडकं, डोळे बारीक, आणि तुकड्यागणिक ओकारीचा आवाज. ते ऐकत तारा चढवायच्या म्हणजे माझीच परीक्षा. ताईला वाटतं आता मी निवळेन. मी निवळलेली नाही. त्यांना बाजूला बसलेलं बघितलं की मला ती भिंत दिसते आणि तिच्याकडे तोंड करून उभी असलेली पाठ दिसते.

मास्तरीणबाईंच्या युकुलेलीची किनार दोघांनी पुरती उकरून नव्याने बसवली. घासूनपुसून झाली. ताईने ती सवयीने अभ्र्यात घातली आणि उठता उठता सवयीनेच म्हणाली, ‘जातेय हो.’

भाऊजीही सवयीनेच उठले आणि भिंतीकडे वळले. मी चौकटीतून बघत होते. अर्ध्यात थांबले. मागे येऊन त्यांनी ताईच्या हातातला अभ्रा ओढून काढला आणि युकुलेली खिडकीशी नेली. उजेडात धरून मानेपासून बुडापर्यंत बघितली, एक बाजू, मग दुसरी. निळं-हिरवं सगळं त्यांच्या तोंडावर चमकत होतं आणि तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं.

‘शी,’ ते म्हणाले.

‘कुठे?’ ताईने विचारलं.

‘डावीकडे. खालच्या वळणावर एक तुकडा तिरका बसलाय. कसलं गचाळ काम आहे.’

‘डावीकडचे सगळे तुम्हीच बसवलेत,’ ताई म्हणाली.

भाऊजींनी फडकं पुन्हा तोंडाला बांधलं आणि चिमटा मागितला.